पोच आली का?

खंडारे सर कुठल्याही खोलीत शिरले की आधी काहीतरी कमी करतात. पंखा पाचवर असेल तर तीनवर आणतात. कोणी मोबाइलवर बातम्या ऐकत असेल तर त्याच्या खांद्यावरून हात घालून आवाज दोन रेघा खाली घेतात आणि त्याचं भलं केल्यासारखे पुढे जातात. मी कामाला लागले त्या दिवशी त्यांनी आधी माझ्या कॉम्प्युटरच्या पडद्याचा उजेड उतरवला आणि मग माझं नाव विचारलं.

"एवढा काहून लागते?" हा त्यांचा कायमचा प्रश्न. उत्तरासाठी ते थांबत नाहीत. "जितका लागते तितकाच ठेवा ना बाप्पा," असं स्वतःच म्हणतात आणि पुढच्या टेबलाकडे वळतात.

आमच्या स्टोअरमधल्या गोलूचं लग्न धामणगाव रेल्वेला होतं. वरातीत डीजे इतका जोरात, की छातीत धडधड नेमकी कोणाची चाललीय ते कळेना. सर दिसेनासे झाले. मी शोधलं तर ते डीजेच्या गाडीमागे. डीजेवाला नाचणाऱ्यांकडे तोंड करून उभा, आणि सर मागून दर मिनिटाला एक खटका खाली घेत होते. पोरं नाचतच होती. आवाज हळूहळू इतका उतरला की नवरीकडच्या वांग्याच्या भाजीबद्दल नवरदेवाच्या मामांचं खाजगी मत अख्ख्या वरातीला ऐकू गेलं. पुढं जे झालं ते निस्तरायला तासभर लागला. सर मात्र मला म्हणाले, "पाह्यलं ना मॅडम? नाचाले कोनाले कमी पडलं का?"

तरुणपणी याच माणसाचा अकोल्यात भोंगे भाड्यानं द्यायचा धंदा होता, हे ऐकल्यावर मी हसून बेजार झाले. सर हसले नाहीत. "तवाच तं समजलं," म्हणाले. "दहा भोंगे लावले का अकराव्याचं कोनी आइकत नाई." मग डिप्लोमा, रेडिओ-टीव्हीची दुरुस्ती, आणि चाळिशीत पुस्तकं आणून शिकलेलं प्रोग्रॅमिंग, असं करत करत ते आमच्या कंपनीत आले. आता चोपन्न वर्षांचे आहेत. रोज अकोल्याहून रेल्वेनं येतात.

कंपनी अमरावतीच्या औद्योगिक वसाहतीत आहे. कंपनी म्हणजे चार खोल्या, नऊ माणसं आणि मालक मोहोड साहेब. आम्ही गळ्यात घालायचं एक बटण बनवतो. आजारी माणसानं किंवा घरात एकट्या असलेल्या कोणी ते दाबलं की दुसरीकडे लावलेली पेटी वाजते. वायर नाही, मोबाइल नाही. बटणात रेडिओची नखाएवढी चिप असते, आणि किती जोरात हाक मारायची हे त्या चिपला सांगणारा सॉफ्टवेअरचा एक तुकडा असतो. त्याला आम्ही ड्रायव्हर म्हणतो. ड्रायव्हरात एक आकडा असतो. तो वाढवला की हाक लांब जाते आणि सेल लवकर संपतो. कमी केला की सेल टिकतो, पण हाक जवळच विरते. खंडारे सरांची गेली चार वर्षं या एका आकड्यात गेली आहेत.

त्यांची चाचणीची पद्धत अशी. मी बटण गळ्यात घालून रस्त्यानं चालत निघायचं. सर पेटी घेऊन फाटकात उभे. हाक पोचली की पेटी उलट पोच पाठवते आणि बटणावर हिरवा दिवा लागतो. मी दाबलं रे दाबलं की सर फाटकातून ओरडणार, "पोच आली का?" मी हात वर करायचा. मग ते आकडा एक पायरी खाली घेणार आणि मी परत निघायचं. पोच येईनाशी झाली की दोन पायऱ्या वर. "एक गरजेची, एक भरवशाची," असं त्यांचं ठरलेलं. आमच्या कोपऱ्यावरच्या रसवंतीवाल्याचा बरेच दिवस असा समज होता की या कंपनीत माणसांना शिक्षा म्हणून उन्हात चालवतात.

"पोच आली का?" हे ते बटणापुरतं विचारत नाहीत. ईमेल पाठवतील आणि मागोमाग टेबलापाशी येऊन विचारतील. डब्यातली भेंडी दिली तर अर्ध्या तासानं विचारतील. रजेचा अर्ज साहेबांच्या हातात देऊन, तो हात अजून अर्जावर असताना विचारतील. आणि रोज दुपारी दीड वाजता ते फोन घेऊन जिन्यात जातात, फोन कानाला लावतात, स्वतः एक शब्दही न बोलता ऐकतात, "आली पोच," म्हणतात आणि फोन ठेवतात. आम्ही यावर पुष्कळ चर्चा केली होती. ते नेटवर्क तपासत असावेत असं शेवटी एकमतानं ठरलं.

यंदा अकोल्याच्या एका दवाखान्यानं साठ बटणं मागवली. मोहोड साहेबांचं म्हणणं एकच.

"खंडारे, फुल्ल ठेवा न. पेटी नाई वाजली तं माही अब्रू जाईन."

"साहेब, एका वार्डात साठ बटनं," सर म्हणाले. "साठच्या साठ गळा काढून ओरडून राह्यले, अन् त्यात एकाचा सेल उतरला हाये. त्याचा आवाज बारीक झाला. त्याची हाक कोनाच्या कानावर पडन?"

सरांनी लिहिलं ते असं: बटण पहिली हाक हळू मारेल. पोच आली नाही तर आवाज चढवेल. तिसऱ्यांदा फुल्ल. आणि तरीही पोच आली नाही तर ती हाक वेळेसकट बटणात नोंदून ठेवेल. ही नोंद कशाला, असं मी विचारलं होतं. "कोनी हाक मारली अन् कोनी आइकली नाई, हे निदान लिहून तं ठेवा," ते म्हणाले.

आता माझ्याकडे येते. मी मुळात घाबरट आहे. गॅस बंद केला का हे बघायला परतवाड्याच्या बसमधून अर्ध्या रस्त्यात उतरून परत आलेली बाई आहे मी. आणि तरीही जे करू नये ते मी करून बसले.

जुन्या चिपा बाजारात मिळेनात. त्याच कंपनीच्या नव्या चिपा आल्या, दिसायला अगदी तशाच. ड्रायव्हर नव्या चिपेवर बसवायचं काम माझ्याकडे होतं. सरांनी ठरवलेले आकडे मी जसेच्या तसे उतरवले. फुल्लचा आकडा चौदा होता, तिथे चौदा लिहिलं. ऑफिसात बटण दाबलं, हिरवा दिवा लागला. रस्त्यावरची चाचणी राहिली होती, पण एप्रिलचं ऊन असं होतं की डांबर चपलेला चिकटत होतं. सर त्या आठवड्यात रजेवर होते. संध्याकाळी त्यांचा फोन आला.

"चाचनी झाली?"

"झाली सर."

"फाटकापासून?"

"हो."

"पोच आली?"

"आली."

दोन आठवड्यांनी, एका शुक्रवारी सकाळी अकराच्या सुमारास, चहा पिता पिता मी त्या नव्या चिपेची पुस्तिका चाळत होते. सहज. एका तक्त्याखाली बारीक अक्षरात टीप होती, की या चिपेत हा आकडा अर्ध्या अर्ध्या डेसिबलमध्ये मोजला जातो. मी ती टीप तीनदा वाचली. म्हणजे आमचा चौदा हा चौदा नव्हता, सात होता. आणि डेसिबलच्या हिशोबात चौदाचे सात झाले म्हणजे निम्मा नव्हे, जेमतेम पाचवा हिस्सा जोर उरतो. आमच्या बटणाची फुल्ल हाक ही कुजबुज होती. चार खोल्यांत ती पोचत होती म्हणून कोणाला कळलं नाही.

साठ बटणांची खोकी स्टोअरमध्ये बांधून ठेवलेली, सोमवारी जाणार होती. ती अजून इथेच होती. मी पुस्तिका घेऊन सरांच्या टेबलाशी गेले आणि सगळं सांगितलं. चाचणी न केल्याचंही. दोन वाक्यं परत म्हणावी लागली.

सर ओरडतील असं वाटलं होतं. ते उभे राहिले. "घरचं बटन नव्या चिपेचं हाये," एवढंच म्हणाले.

मला तेव्हा आठवलं. गेल्या रविवारच्या आधी स्टोअरच्या वहीत त्यांची सही होती: एक नग, घरच्या चाचणीसाठी.

त्यांनी फोन लावला. घंटी गेली. परत लावला. मग वरच्या मजल्यावरच्या शेजारणीला लावला, आणि मला ऐकू यावं म्हणून की काय, स्पीकरवर टाकला. पलीकडे बायकांचा गलका आणि बँड.

"पुंडकरबाई, खंडारे बोलून राह्यलो. खाली आमच्या घरी जरा—"

"मी तं मुर्तिजापूरले आली ना लग्नाले, नवाच्या गाडीनं!" बाई ओरडून म्हणाल्या. "पन तुमी चिंता करू नका दादा. निघेपर्यंत घरीच होती मी. तुमच्या पेटीची बेल काही वाजली नाई. म्हंजे सारं बरं हाये!"

सरांनी फोन बंद केला. बेल वाजली नाही म्हणजे सारं बरं आहे. मी गाडीची किल्ली उचलली.

बडनेरा मागे पडलं. सर दर दोन मिनिटांनी फोन लावत होते. "घंटी जाऊन राह्यली. उचलून नाई राह्यली," असं दर वेळी मला सांगत होते, जणू मला ऐकू येत नव्हतं. मी साठच्या वेगानं चालले होते, कारण शेजारी बसले की सर वेगही कमी करायला लावतात. मुर्तिजापूरच्या फाट्यावर ते पहिल्यांदाच म्हणाले, "जोरात घ्या मॅडम."

मी जोरात घेतली. मागून ट्रकचे भोंगे वाजत होते, त्यांचं तिकडे लक्षच नव्हतं. तेव्हा मी विचारलं, "घरी कोण आहे सर?"

"घरचे. प्रमिला." मग फोन परत लावत, "तिले बोलता नाई येत. दोन वर्सं झाले. गळ्याचं आपरेशन झालं, आवाज गेला. निसती हवा निंगते. समोर बसलं, पंखा बंद केला, टीवी बंद केला, तं समजते काय म्हन्ते ते."

"मग रोज दीडचा फोन?"

"नखानं फोनवर दोन टिचक्या मारते. दोन म्हंजे बरी हाये."

पाच वर्षं मी या माणसाच्या शेजारच्या टेबलावर बसते. त्यांच्या बायकोला आवाज नाही हे मला बोरगाव मंजूच्या अलीकडे कळलं. आम्ही त्यांच्या पंख्यावरून, डीजेवरून किती हसलो होतो ते आठवून मला स्वतःचीच लाज वाटली. घड्याळात पाऊण वाजला होता. फोन अजून उचलला जात नव्हता.

जठारपेठेत दुकानांच्या मागच्या गल्लीत त्यांचं घर आहे. ते तळमजल्यावर, पुंडकरबाई वर. जिन्यात, बाईंच्या दाराशी आमची पेटी लावलेली. सरांची किल्ली दोनदा कुलपाच्या बाजूला लागली. ती माझ्याकडे देऊन ते भिंतीला टेकून उभे राहिले. मी दार उघडलं.

वहिनी खाटेवर झोपल्या होत्या. छाती वरखाली होत होती. मी दारातच खाली बसले.

सर खाटेजवळ गेले. त्या दचकून जाग्या झाल्या. नवरा दुपारी घरी, सोबत एक अनोळखी बाई. ओठ हलले. मला काही कळलं नाही, पण सरांनी उत्तर दिलं, "नाई, तब्येत बरी हाये माही. सहजच आलो. ह्या आमच्या ऑफिसातल्या मॅडम." आणि मग, अगदी सहज विचारावं तसं, "फोन काहून नाई उचलला?"

फोन उशीखाली होता. त्याच्या घंटीचा आवाज एका रेघेवर होता. आवाज एवढा कोणी उतरवला असेल हे विचारायची गरज नव्हती. सरांनी त्याकडे पाहिलं आणि फोन परत ठेवून दिला.

"बटन दाबलं होतं का आज?"

वहिनींनी मान हलवली. नाही. पंखा बंद होता, त्यामुळे या वेळी मलाही ऐकू आलं. "काम नाई पडलं."

मग पाणी द्यायला त्या उठल्या तेव्हा पदराखालचा उजवा हात दिसला. मनगट टम्म सुजलेलं, वर ओढणी गुंडाळलेली. "दाराले लागलं," त्या कुजबुजल्या, सरांनी विचारायच्या आतच. पाणी त्यांनी डाव्या हातानं भरलं. गोळी घेतली होती, त्यानं झोप लागली, म्हणाल्या. सर त्यांच्या हाताकडे पाहत राहिले.

मी त्यांच्या गळ्यातलं बटण मागून घेतलं, स्वयंपाकघराच्या ओट्यावर लॅपटॉप उघडला आणि बटण जोडलं. नवा आकडा भरायचा होता, चौदाच्या जागी अठ्ठावीस. पण आधी नोंद उघडली. सवयीनं उघडली, आणि उघडली नसती तर बरं झालं असतं.

सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी पहिली हाक. पोच नाही. लगेच दुसरी. पोच नाही. पुढं ओळीनं तसंच, कधी चार चार लागोपाठ, कधी दोन मिनिटं सोडून. शेवटची नऊला वीस मिनिटं कमी असताना. एकूण एक्केचाळीस. वर पुंडकरबाई त्या वेळी लग्नाची साडी नेसत असतील. खाली ही बाई, जिला ओरडता येत नाही, माझ्या कुजबुजणाऱ्या आकड्याच्या भरवशावर अर्धा तास पडून होती. मी रस्त्यावर शंभर पावलं चालले असते तर हे झालं नसतं.

मागे चाहूल लागली. सर पाण्याचा पेला ठेवायला आले होते, कधीपासून मागे उभे होते कोण जाणे. मी नोंद झटकन बंद केली.

"काही हाये का त्यात?"

"नाही सर," मी म्हणाले. "रिकामं आहे."

"बरं," सर म्हणाले.

मी नवा ड्रायव्हर भरला. सरांनी बटण स्वतःच्या गळ्यात घातलं आणि न्हाणीघराकडे गेले. दारात थांबून माझ्याकडे न बघता म्हणाले, "चूक तुमची एकलीची नाई. म्या रविवारी समद्या घरातून तपासलं. न्हानीतूनबी तपासलं, आठले ती तिथंच अस्ते. उभ्यानं. पडलेला मानूस उभा अस्ते का, मॅडम? तो बटनावरच पडते. अंगाखाली दबलं का आवाज अर्धा तिथंच मरते. हे मले समजाले पायजे होतं." मग म्हणाले, "तुमी पेटीपाशी जा."

आणि ऑफिसच्या पँट-शर्टात ते ओल्या फरशीवर पालथे झोपले. उजवा हात अंगाखाली, गाल फरशीला. नळाखालची जागा चिंचोळी, त्यांचे पाय दाराबाहेर आले. वहिनी धावत आल्या आणि चौकटीला धरून उभ्या राहिल्या. त्यांचे ओठ हलत होते. सर उठले नाहीत.

मी जिन्यात गेले. पेटी वाजली.

"आली!" मी ओरडले.

परत वाजली. "आली सर!" परत. दर वेळी मी ओरडून सांगत होते, आणि दर वेळी ती पुन्हा वाजत होती. आठ-दहा वेळा झाल्यावर मला वाटलं, सरांची पद्धतच ती, खात्री करून घेत असतील. पंधरा झाल्या. वीस झाल्या. गल्लीतल्या एका घरातून कोणीतरी डोकावून गेलं. पेटी कधी लागोपाठ चारदा वाजे, कधी बराच वेळ गप्प राही आणि मी सुटले म्हणेपर्यंत पुन्हा वाजे. हा क्रम मी नुकताच कुठे पाहिला होता ते तेव्हा ध्यानात आलं. मी ओरडायचं थांबवलं आणि मोजायला लागले. मागच्या धरून.

एक्केचाळिसावी वाजली आणि पेटी थांबली.

मी तिच्याखाली उभी राहिले. मग पायऱ्या उतरून दारापर्यंत आले आणि तिथून पुढे गेले नाही. सर तसेच पालथे होते, शर्ट पाठीला चिकटलेला, खांदे हलत होते. वहिनी ओल्या फरशीवर त्यांच्या डोक्याशी बसल्या होत्या. सुजलेला हात त्यांच्या पाठीवर ठेवून, त्यांच्या कानाशी वाकून त्या काहीतरी सांगत होत्या, बराच वेळ. मला त्यातलं एक अक्षर ऐकू येत नव्हतं. सरांना येत असावं, कारण फरशीवरूनच ते मधूनमधून मान हलवत होते.